खुणांची नावं

काचबिंदूनं नवसाबाईचे डोळे गेले तेव्हा तिचा नवरा खंडेराव जिवंत होता. तोही जाऊन आता सहा वर्षं झाली होती. पोटी मूल नव्हतं. मखमलाबादला तीस गुंठ्यांचा फुलमळा होता, शेवंती आणि झेंडूचा. सातबाऱ्यावर निम्मं नाव तिचं, निम्मं तिच्या दिराचं, पुंजाचं; त्याचं घर तिच्या घराला लागूनच. डोळे गेल्यावरही ती रोज पडवीत बसून फुलं निवडायची, हार ओवायची, तराजूच्या एका पारड्यात लोखंडी वजन टाकून दुसऱ्यात फुलं तोलायची. बोटांना सगळं पाठ होतं.

पुंजाचा मुलगा किशोर तिच्याच मांडीवर वाढला. धाकटी बहीण झाली तेव्हा तो वर्षभर काकूच्या कुशीत झोपायचा. आता तो तिशीला आला होता आणि गेल्या दोन वर्षांत त्यानं काकूवर तीनदा हात उचलला होता. पहिल्यांदा, त्याच्या मित्रांसमोर तिनं त्याला दारूवरून बोल लावला म्हणून. दुसऱ्यांदा, मळा विकायचा विषय काढल्यावर ती उठून आत गेली म्हणून. तेव्हा त्यानं तिचा अंबाडा धरून तिला परत पडवीत ओढत आणलं होतं. आणि तिसऱ्यांदा, तिच्या फोनमुळे.

फोन तिला मिळाला तो भाग्यश्रीमुळे. भाग्यश्री सत्तावीस वर्षांची, जन्मापासून आंधळी, बोलायला एकदम खणखणीत. गंगापूर नाक्याजवळच्या एका खोलीत ती आंधळ्यांना मोबाइल शिकवायची. काचेवर बोट फिरवलं की बोटाखाली जे असेल ते फोन बोलून दाखवतो, एवढंच ऐकून नवसाबाई रिक्षात बसून तिथं जायला लागली. पहिल्याच दिवशी फोन तिला मराठीत म्हणाला, "सक्रिय करण्यासाठी दोनदा टॅप करा."

"हे काय म्हणू राह्यलं?" तिनं विचारलं.

शेजारच्या खुर्चीवरून एक घोगरा आवाज आला. "टॅप मारायला सांगतंय मावशी. आम्ही अंबडला कंपनीत टॅप मारायचो. भोकात आटे पाडायचे त्यानं. हिथं कुठं मारायचा, काच फुटंल की!"

हा बहिरू. पेठकडचा, डोंगरातला. अंबडच्या एका कारखान्यात सात वर्षं हेल्परकी केलेला. गुत्त्यावरच्या भांडणात समोरच्यानं त्याच्या तोंडावर बाटली फोडली आणि दोन्ही डोळे गेले. हे तो कुणालाही सांगायचा आणि सांगताना पुढचं वाक्य कधी गाळायचा नाही. "पहिला फटका माझा व्हता." पहिल्याच आठवड्यात त्यानं दोन फोनच्या काचा तडकवल्या. बोट टेकवायचं म्हटलं की तो गुद्दाच घालायचा.

भाग्यश्रीच्या ध्यानात आलं, की अडचण बोटांची नाही, नावांची आहे. स्वाइप, टॅप, स्क्रोल हे शब्द ऐकून पेठ-सुरगाण्याच्या माणसाच्या बोटांना काहीच कळत नाही. मग ती म्हणाली, "आपणच नावं ठेवू. ऐकल्याबरोबर हात आपोआप हलला पाहिजे अशी. सगळी ठरली की नवसामावशींच्या आवाजात धडे रेकॉर्ड करू आणि गावोगाव पाठवू."

त्यावरून महिनाभर खोलीत नुसती भांडणं.

एक बोट उजवीकडं सरकवलं की फोन पुढच्या गोष्टीवर जातो. बहिरू म्हणाला, "ढकल." नवसाबाई म्हणाली, "ढकल काय, गाडी हाय का ती? एकामागून एक फूल दोऱ्यात जातं तसं हाय हे. ओव." आणि डावीकडं, मागं यायचं असेल तर? "उसव." ही दोन नावं सगळ्यांना एकदम पटली. दोनदा पटपट बोट टेकवायचं त्याला बहिरू म्हणाला, "गुद्दा. दोन गुद्दे." भाग्यश्री हसली. "म्हणूनच काच फुटते तुझी. नावातच मार असला तर माणूस मारणारच." मग टिचकी ठरली, जोडटिचकी. दोन बोटं टेकवून सगळं पान वर सरकवायचं त्याला सारवणं. आणि बोट वरून खाली आणून, न उचलता डावीकडं ओढलं की फोन एक पायरी मागं येतो. तिथं मात्र बहिरू अडून बसला. "हा कोयता. वरून खाली आन् आपल्याकडं ओढ. ह्याला दुसरं नाव नाय."

"कोयता नको," नवसाबाई म्हणाली. "विळा म्हण. गवत कापतो तो."

"विळ्यानंबी माणूस कापता येतो मावशी."

"येतो. पण विळा त्यासाठी घेत नायत हातात."

शेवटी विळा राहिला.

त्याच दिवसांत किशोरनं एक छापील कागद आणला. "निराधार योजनेचा अर्ज हाय काकू. उद्या अंगठा लाव, मग कचेरीत जाऊन येऊ." कागद उशाला ठेवून तो गेला. नवसाबाईनं फोन हातात घेतला, कागद पाटावर पसरला आणि भाग्यश्रीनं शिकवलं तसं फोन छातीइतका उंच धरून फोटो काढला. मग ओवत ओवत गेली. फोननं वाचलं, "हक्कसोड पत्र." पुढं मळ्याचा गट नंबर, तिचं नाव, आणि स्वखुशीनं, कोणत्याही दबावाविना, आपला हिस्सा सोडत असल्याचं लांबलचक वाक्य. तिनं ते चार वेळा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी किशोर आला तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, "हा अर्ज नाय. मी नाय अंगठा द्यायची." तेव्हाची ती तिसरी मारहाण. कानाखाली बसली आणि दोन दिवस डाव्या कानात भुंगा गुणगुणत राहिला. वर्गात तिनं कुणालाही काही सांगितलं नाही. पण बहिरू तिच्या डाव्या बाजूला बसायचा, आणि दोनदा हाक मारूनही तिनं ओ दिली नाही, तेव्हा तो हळूच म्हणाला, "कोण मारतंय मावशी? उताण्या पंजानं मारलं का उलट्या?" तिनं फोन उजव्या कानाशी नेला.

पुढच्या गुरुवारी घरात कुणी नव्हतं. पुंजा आणि त्याची बायको लग्नाला दिंडोरीला गेली होती. अकरा वाजले असतील. पडवीत शेवंतीचा ढीग पडला होता. नवसाबाईनं फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं, पडदा काळा केला (तिला उजेडाचा उपयोग नव्हता, आणि त्यानं बॅटरी टिकायची) आणि फोन पाटावर ठेवून बोलायला लागली.

"बायांनो, ऐका. ही पहिली खूण. हिचं नाव ओव. एक बोट काचेवर ठेवायचं, हळूच, फुलाला लावतो तेवढंच, आन् उजवीकडं..."

फाटक वाजलं. चप्पल ओढत चालणारी पावलं. गुटख्याचा आणि त्याखालून दारूचा वास.

"कुणाशी बोलू राह्यली?"

"कुणाशी नाय. धडा म्हणू राह्यले."

किशोरनं पाटावरचा फोन उचलला. काळा पडदा पाहिला आणि बंदच आहे असं समजून तो शेवंतीच्या ढिगात भिरकावला. मग तिच्यासमोर उकिडवा बसला. डबी उघडल्याचा आवाज आला आणि शाईचा ओला वास.

"अंगठा दे."

"नाय."

"काकू, मळा घेणारी पार्टी आज संध्याकाळी येऊ राह्यली. मी शब्द दिलाय. मला तोंडघशी पाडू नको."

"मला नाय विचारलं तू शब्द देताना. आन् ते फोननं वाचून दाखवलंय मला. सगळं. स्वखुशीनं लिहिलंय त्यात."

पहिली थप्पड तिच्या त्याच डाव्या कानावर बसली. ती आडवी फुलांत पडली. त्यानं केस धरून तिला बसतं केलं आणि दुसरी मारली. ओठ दातांवर आपटून फुटला, तोंडात रक्ताची चव आली. ती ओरडली, पण मळ्याच्या त्या टोकाला ऐकणारं कुणी नव्हतं. तिनं उजव्या हाताची मूठ आवळली, अंगठा आत दाबला. किशोरनं तिचं मनगट गुडघ्याखाली दाबलं आणि एकेक बोट सोडवायला लागला.

"सोड. सोड म्हणतो ना! ह्याच बोटांनी वाचती ना तू? ह्याच?"

त्यानं पहिलं बोट मागं वाकवलं. ती "किशोर, नको रे बाळा," असं म्हणाली. बोट मोडलं. आवाज अगदी लहान आला. मग मधलं. तिची किंकाळी तिला स्वतःलाच दुरून आल्यासारखी वाटली. त्यानं तिचा अंगठा ओढून शाईत बुडवला आणि कागदाकडं नेला. वेदनेनं तिची शुद्ध हरपत चालली होती. पण डावा हात मोकळा होता. तो जमिनीवर चाचपत गेला, तराजूच्या पारड्याला लागला, आणि पारड्यातलं दोन किलोचं वजन तिच्या पंजात आलं.

तिनं ते आवाजाच्या रोखानं हाणलं. ते त्याच्या खांद्यावर बसलं. "आई गं," असं म्हणून त्यानं मनगट सोडलं, पण लगेच तिच्या गळ्याला हात घातला. दुसरा फटका तिनं खाली मारला, तिच्या अंगावर रोवलेल्या गुडघ्यावर. हाड फुटलं. तो कोसळला.

इथं थांबता आलं असतं. तो तिच्यापासून हातभर अंतरावर पडून विव्हळत होता. "काकू, नको. काकू, पाय गेला माझा." नवसाबाई गुडघ्यांवर उठली, डाव्या हातानं त्याचा पाय चाचपला, मग वजन उचललं आणि त्याच गुडघ्यावर पुन्हा मारलं. पुन्हा. आणि आणखी एकदा. त्याचं ओरडणं थांबून नुसतं हुंदक्यांसारखं व्हायला लागलं, तेव्हा वजन तिच्या हातातून आपोआप सुटलं.

मग तिनं चाचपून कागद शोधला, त्यावर शाईचा फराटा उठला असेल का नसेल हे तिला दिसणार नव्हतं, म्हणून तिनं तो फुलं भिजवायच्या बादलीत बुडवला आणि लगदा होईपर्यंत चोळला.

फोन शोधायला ढीग उपसावा लागला. उजवा हात छातीशी धरून ती डाव्या हातानं शेवंती बाजूला सारत होती. सापडला तेव्हा तिनं डाव्या करंगळीनं काचेला स्पर्श केला. फोन म्हणाला, "रेकॉर्डिंग सुरू आहे." तिला ते क्षणभर कळलंच नाही.

डाव्या हातानं तिनं कधी काही केलं नव्हतं. बोट घामानं आणि रक्तानं ओलं होतं, काच दाद देईना. तिनं पदराला बोट पुसलं. स्वतःशीच मोठ्यानं बोलत गेली. "जोडटिचकी." रेकॉर्डिंग थांबलं. "विळा." एक पायरी मागं. चुकलं, बोट मधेच उचललं गेलं. "विळा, न उचलता." आलं. "ओव. ओव. ओव." नावं एकामागून एक बोलत होती. शेवटी, "भाग्यश्री मॅडम." जोडटिचकी. पहिली हळू पडली, दुसरी घसरली, तिसऱ्या खेपेला फोन लागला.

"मावशी? धडा झाला का?"

"पोरी, गाडी पाठव. दवाखान्याची. दोन माणसं हायत. आन् पोलिसांनाबी सांग."

* * *

सरकारी दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात तिच्या दोन बोटांना पट्ट्या बांधून प्लॅस्टर घातलं. हाड बसवताना डॉक्टरनं ओढ दिली, तेव्हा ती ओरडली नाही. खालच्या मजल्यावर किशोरच्या गुडघ्याचं ऑपरेशन चाललं होतं. त्यानं जबाबात सांगितलं, की काकूच्या डोक्यावर परिणाम झालाय, तिनं अचानक वजनानं हल्ला केला आणि धडपडताना तिची बोटं तिचीच मोडली. तिचा जबाब घ्यायला आलेल्या हवालदारानं हे तिला वाचून दाखवलं आणि म्हणाला, "आता तुम्ही बोला आजी. कुणी पाहणारं होतं का?"

"पाहणारं मीबी नव्हते," नवसाबाई म्हणाली. "ऐकणारं होतं. उद्या देते."

रात्र पडायच्या आत भाग्यश्री आणि बहिरू आले. कानाला लावायची वायर तिघांत फिरली. रेकॉर्डिंग एकूण चौदा मिनिटांचं होतं. सुरुवातीला तिचाच शांत आवाज, फुलाला लावतो तेवढंच, मग फाटक, मग सगळं. ढिगात पडल्यामुळे आवाज दबका होता, पण शब्द न् शब्द कळत होता. बोटं मोडली तिथं भाग्यश्रीनं वायर काढून टाकली आणि ती बाकावर बसून ढसाढसा रडली. मग तोंड धुऊन आली आणि उरलेलं ऐकलं.

तिनं वायर गुंडाळून ठेवली. शेवटी म्हणाली, "मावशी, तो पडतो तिथं फाइल कापता येते. साडेनऊ मिनिटांवर. पुढचं नाही दिलं तरी चालेल. त्याच्या विरुद्ध एवढं पुरेसं आहे."

"पुढं काय ऐकू येतं तुला?"

"तुम्ही... तुम्ही त्याला मारताय. तो नको म्हणतोय."

नवसाबाईनं उजवा हात छातीवर घेतला. प्लॅस्टरमधली बोटं ठणकत होती. सोपं होतं ते. पोरगी एका टिचकीत करून देणार होती. आणि कुणी विचारलंच तर एक आंधळी म्हातारी, तिला काय दिसणार, किती मारलं ते.

"तू काय म्हणतो रे?" तिनं बहिरूला विचारलं.

बहिरू खाटेजवळ सरकला. "मी सांगायचं म्हंजे... माझ्या केसमधी साक्षीदारानं पहिला फटका माझा व्हता हे सांगितलं नाय. माझ्याच बाजूचा व्हता तो. वकिलानं त्याला असा उभा सोलला, आन् मग त्याचं खरंबी कुणी धरलं नाय. बाटली मारणारा सुटला." मग तिच्याकडं वळून, "पण ते सोडा. मावशी, किती मारले?"

"पाच."

"मोजले?"

"आता ऐकताना मोजले. तेव्हा नाय." ती उशीवर मागं टेकली. "पयले दोन मारणं भागच व्हतं. गळा धरला व्हता त्यानं. राहिलेले तीन..."

"राहिलेले तीन?"

"त्यांची गरज नव्हती. पण मला मारायचे व्हते. लय दिवसांचे राहिले व्हते. त्याला मी घास भरवलेत रे. त्या तिन्हीमधी मला बरं वाटत व्हतं. आताबी खोटं कशाला बोलू." तिनं प्लॅस्टरवरून डावा हात फिरवला. "ते कापलं तर मलाच वाटायला लागंल, की मी नाय मारलं."

बहिरूनं तिचा चांगला हात धरला. तो म्हणाला, "माझ्या पयल्या फटक्यालाबी मला बरं वाटलं व्हतं."

सकाळी हवालदार आला तेव्हा तिनं फोन स्वतःच चालवला, डाव्या हातानं. सुरुवातीचा धडा ऐकून तो गोंधळला. "हे काय आजी? ओव म्हणजे?" "थांबा, पुढं हाय," ती म्हणाली. थोड्या वेळानं त्याच्या पेनाचा आवाज थांबला. आजूबाजूच्या खाटांवरची कुजबुज थांबली. किशोर विव्हळायला लागला तिथं हवालदार म्हणाला, "बास, कळलं." "नाय कळलं," नवसाबाई म्हणाली. "शेवटपर्यंत ऐका. त्यात मी हाय."

दोन गुन्हे नोंदले गेले, एक त्याच्यावर आणि एक तिच्यावर. दोघांना जामीन मिळाला. तिच्या वकिलीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, पहिले दोन फटके स्वसंरक्षणात बसतील, उरलेल्या तीन फटक्यांवर भांडावं लागेल, निकाल काय लागेल ते आज सांगता येत नाही. हक्कसोड पत्राचा विषय मात्र तिथंच संपला. पार्टी पुन्हा फिरकली नाही. पुंजा तिच्याशी बोलायचा बंद झाला आणि दोन घरांच्या मधला दरवाजा त्यानं विटा लावून बुजवला. भावकीत कुणी तिला पोटच्यासारख्या पोराला पांगळं करणारी म्हणालं, कुणी शाबासकी दिली. शाबासकी देणाऱ्यांना तिनं चहा विचारला नाही.

मधलं बोट सरळ बसलं. पहिलं वाकडंच राहिलं. दोन बोटांच्या खुणा करताना ते काचेला टेकत नाही, म्हणून ती सारवायला मधलं आणि अनामिका वापरते. धडे पावसाळ्याआधी पूर्ण झाले, तिच्याच आवाजात. आता पेठहून, सुरगाण्याहून अनोळखी बायकांचे फोन येतात. एकीनं सांगितलं, की फोन शिकल्यावर तिनं सासऱ्याला न विचारता पहिल्यांदा स्वतः भावाला फोन लावला. नवसाबाई त्यांच्याशी निवांत बोलते, पण आपली गोष्ट सांगत नाही.

दिवाळीच्या आठ दिवस आधी ती पडवीत हार ओवत बसली होती. फाटक वाजलं. एक पाय टाकल्याचा आवाज, मग काठी, मग ओढलेला दुसरा पाय. तिची बोटं थांबली. डावा हात तराजूकडं गेला आणि वजनावर बसला. पावलं पायरीशी येऊन थांबली. या वेळी वास कसलाच नव्हता, फक्त मलमाचा.

"काकू."

"तिथंच थांब. पायरीवर ये, वर नको."

किशोर पायरीवर बसला. बसताना त्याला वेळ लागला. "वकील म्हणतो, दोघांनीबी केस मागं घेतली तर..."

"नाय घेणार. तुझीबी चालंल, माझीबी चालंल. कोर्ट सांगंल ते मला मान्य हाय."

त्यानं काठी बाजूला ठेवली. रस्त्यावरून द्राक्षाच्या औषधाचा टँकर लावलेला ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज विरत गेला.

"गुडघा दुखतो का?" नवसाबाईनं विचारलं.

"लय. थंडी पडली की जास्त."

"माझंबी बोट दुखतं," ती म्हणाली, आणि वजनावरचा हात न काढता तिनं उजव्या हातानं पुढचं फूल उचललं.